सोनी आरएक्स१०० मार्क फोरने स्पाउटेड बेड शूट केला: कारंजं भारी दिसतं, फेरा मात्र फोननेच मोजला

या कॅमेऱ्याने मी आजवर एकाही माणसाचा फोटो काढलेला नाही. सेल्फी नाही, कास पठार नाही, बाप्पा नाही. सात महिने याच्यासमोर फक्त ३ मिलिमीटरचे काचेचे मणी उडतायत आणि परत खाली येतायत, त्यामुळे पोर्ट्रेटला कसाय, स्किन टोन कसे येतात वगैरे मला विचारू नका, खरंच माहीत नाही. पण कुणी केमिकल इंजिनीअरिंगवालं असेल, एम.टेक.चा प्रोजेक्ट असेल आणि गाइड म्हणाले असतील की पार्टिकलचं सर्क्युलेशन कॅमेऱ्याने काढून दाखव, तर पुढचं वाचा, तुमचे दोन-तीन महिने वाचतील.

आधी स्पाउटेड बेड म्हणजे काय ते थोडक्यात, ज्यांना माहितीय त्यांनी हा पॅरा सोडा. खाली शंकूसारखं निमुळतं झालेलं उभं नळकांडं घ्यायचं, त्यात दाणे भरायचे आणि खालच्या छोट्या भोकातून जोरात हवा सोडायची. मग मधोमध एक बोगदा तयार होतो, त्यातून दाणे सुसाट वर जातात, वर कारंज्यासारखे उधळतात, कडेला पडतात आणि कडेकडेने हळूहळू सरकत पुन्हा खाली येतात, तिथून परत बोगद्यात. मधल्या बोगद्याला स्पाउट म्हणायचं, कडेच्या सरकणाऱ्या थराला अ‍ॅन्युलस आणि वरच्याला फाउंटन. १९५०च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये माथुर आणि गिश्लर यांनी हे गहू वाळवण्यासाठी काढलं, कारण गव्हाएवढे मोठे दाणे साध्या फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (तिथे हवा तळाच्या सगळ्या भागातून सोडतात) नीट ढवळले जात नाहीत, नुसते मोठमोठे बुडबुडे फुटत बसतात. आज औषधांच्या पेलेट्सवर कोटिंग करायचं वुर्स्टर कोटर म्हणजे याचाच भाऊ, मध्ये एक ड्राफ्ट ट्यूब, म्हणजे उभी नळी, घातलेला. गोव्यात वेर्ण्याला माझी एक मैत्रीण असल्या मशीनवर काम करते, तिचा सगळा जीव एकाच आकड्यात अडकलेला असतो: एक दाणा स्प्रेसमोरून किती सेकंदांनी परत जातो. तो फेरा काही दाण्यांचा लवकर आणि काहींचा उशिरा व्हायला लागला की कोटिंग कमीजास्त बसतं. म्हणून हे सर्क्युलेशन मोजायचं.

आता माझा सेटअप. १५० मिमी व्यासाचं अ‍ॅक्रिलिकचं अर्धं नळकांडं, म्हणजे उभं मधोमध कापून पुढे सपाट पारदर्शक पत्रा लावलेलं, खाली ६० अंशाचा शंकू, हवेचं भोक २० मिमीचं (तेही अर्धंच), आणि काचेचे मणी २० सेमी उंचीपर्यंत. माथुर-गिश्लरच्या सूत्राने पूर्ण नळकांड्यासाठी हिशोब केला तर स्पाउट सुरू व्हायला साधारण ०.९ मीटर प्रति सेकंद सुपरफिशियल वेग (म्हणजे नळकांडं रिकामं धरून काढलेला हवेचा वेग) लागतो. ऐकायला अगदीच कमी वाटतं, पण तीच हवा २० मिमीच्या भोकातून जाते तेव्हा ५० मीटर प्रति सेकंदाच्या पुढे असते. पहिल्यांदा ब्लोअर चालू केला तेव्हा झाकण लावलं नव्हतं. लॅबमधले काका झाडू घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, गारपीट झाली का हो इथं?" अजूनही कपाटामागे मणी सापडतात.

कॅमेरा सेकंडहॅंड घेतला. नव्या इंडस्ट्रियल हाय-स्पीड कॅमेऱ्याचं कोटेशन सरांना दाखवलं होतं, त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि मला परत दिलं. त्यावर चर्चा झाली नाही. मधला पर्याय म्हणजे क्रोनोस १.४, तो पूर्ण १२८० बाय १०२४ रिझोल्युशनला सेकंदाला १०६९ फ्रेम काढतो, ग्लोबल शटर आहे (अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपतो), आणि गंमत म्हणजे त्याची कंपनी बर्नबीची, म्हणजे व्हॅंकूवरच्या शेजारी, आणि माथुर पुढे ज्या युनिव्हर्सिटीत गेले, जिथे स्पाउटेड बेडवर पुष्कळ काम झालं ती पण व्हॅंकूवरचीच. योगायोग छान होता पण बजेट नव्हतं. मग राहिला हा आरएक्स१०० मार्क फोर, २०१५चं मॉडेल, खिशात मावतो, एक इंची सेन्सर, लेन्स २४-७० आणि एफ १.८ पासून, आणि मुख्य म्हणजे डायलवर एचएफआर (हाय फ्रेम रेट) मोड, सेकंदाला २५०, ५०० आणि १००० फ्रेम.

१००० फ्रेमला पहिला व्हिडिओ बघितला तेव्हा खरं सांगते अंगावर काटा आला. डोळ्याला जो नुसता पांढरा झोत दिसतो त्यात एकेक मणी वेगळा दिसायला लागला, काही फिरतायत, काही एकमेकांवर आपटून तिरके जातायत, आणि अ‍ॅन्युलसच्या भिंतीतून मध्येच एखादा मणी सुटून झोतात ओढला जातोय. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. आम्हाला वाटायचं सगळे मणी अगदी तळापर्यंत जाऊन मगच वर जातात. तसं नसतं, पूर्ण उंचीभर ते गळत असतात, काहींचा फेरा लांब, काहींचा आखूड. हे पुस्तकात लिहिलेलंच आहे पण वाचणं वेगळं आणि दिसणं वेगळं. त्या दिवशी हॉस्टेलवर सगळ्यांना तो व्हिडिओ दाखवला, मेकॅनिकलच्या पोरीसुद्धा दोन मिनिटं गप्प बसल्या होत्या.

आता कॅमेऱ्याचा स्वभाव समजून घ्या, कारण माहिती पत्रकात आकडे असतात पण त्याचा अर्थ कामाला लागल्यावर कळतो. १००० फ्रेमला, क्वालिटी प्रायॉरिटीमध्ये, सेन्सरवरून लांबीच्या दिशेने ११३६ आणि रुंदीच्या दिशेने फक्त ३८४ पिक्सेल वाचले जातात आणि मग ते ताणून १९२० बाय १०८०ची फाइल बनते. म्हणजे फाइल दिसते फुल एचडी, पण आडवं आणि उभं रिझोल्युशन सारखं नाही. त्यामुळे कॅमेरा आडवा पाडून लावा, ट्रायपॉडचं डोकं ९० अंशात वळवून, म्हणजे जास्त पिक्सेलवाली दिशा मण्यांच्या धावण्याच्या दिशेत येते. मी पहिला दीड महिना सरळ लावून शूट केलं आणि उभ्या वेगाच्या आकड्यांत एवढा गोंगाट (नॉइज) का येतोय म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसले होते.

आडवा लावल्यावर १८ सेमी उंची फ्रेममध्ये घेतली की मिलिमीटरला साधारण सहा खरे पिक्सेल मिळतात. स्पाउटमधला मणी सेकंदाला २ मीटरने जात असेल तर दोन फ्रेममध्ये २ मिमी सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासापेक्षा कमी, त्यामुळे हा मणी तोच का, हे सॉफ्टवेअरला ओळखता येतं. तेच २५० फ्रेमला केलं तर ८ मिमी सरकतो, तोवर शेजारचा मणी त्याच्या जागी येऊन बसलेला असतो, आणि सॉफ्टवेअर खुशाल चुकीच्या जोड्या लावतं, तीही इतक्या आत्मविश्वासाने की ग्राफ छान गुळगुळीत येतो. २५०चं चित्र खूप स्वच्छ आहे, मोह होतो, पण ते फाउंटनच्या टोकासाठी ठेवा जिथे मणी क्षणभर थांबतात. शटर १/४००० ठेवा, त्यात मणी अर्धा मिमी पुसट होतो, तेवढं चालतं.

रेकॉर्डिंग एका वेळी फक्त २ सेकंद. क्वालिटी थोडी कमी करून टाइम प्रायॉरिटी घेतली तर ४ सेकंद. मग ते कार्डवर लिहीत बसतो, तोवर तुम्ही चहा घ्या. स्टॅंडबायला गेल्यावर झूम, फोकस, एक्स्पोजर काही बदलता येत नाही, म्हणून मॅन्युअल फोकस आधीच सपाट पत्र्याच्या आतल्या बाजूला लॉक करून घ्यायचा. एंड ट्रिगर नावाचा एक पर्याय आहे तो फार आवडला: बटण दाबल्याच्या आधीचे दोन सेकंद जपून ठेवतो. स्पाउट मधूनच डगमगतो, एका बाजूला झुकतो, ते नेमकं कधी होणार हे सांगता येत नाही, मग झाल्यावर बटण दाबायचं. असं मी तीन वेळा पकडलं.

लाइटचा खर्च धरून ठेवा, म्हणजे पैशाचा नाही, डोक्याचा. नेहमीची एलईडी ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, डोळ्याला कळत नाही पण १००० फ्रेमला दर दहा फ्रेमला एक लाट दिसते, चित्र श्वास घेतल्यासारखं. बाजारात "फ्लिकर फ्री" लिहिलेला एक पॅनल घेतला (कंपनीचं नाव सांगत नाही), तोही मंद केल्यावर लुकलुकला. शेवटी १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सरळ एलईडी पट्ट्या जोडल्या, डिमर नाही काही नाही, आणि प्रश्न मिटला. पट्ट्या दोन्ही बाजूंनी ४५ अंशात, आणि कॅमेऱ्यामागे काळा पडदा, नाहीतर अ‍ॅक्रिलिकमध्ये तुमचाच चेहरा ट्रॅक होतो. हसू नका, माझ्या पांढऱ्या एप्रनच्या बटणाचा एक सुंदर स्थिर ट्रॅक माझ्याकडे सेव्ह आहे.

आता जी गोष्ट सांगायला हा सगळा रिव्ह्यू लिहितेय ती.

आकडे बरोबर येतायत का हे तपासायला काय करायचं? माझ्याकडे दुसरं यंत्र नाही. मग डोक्यात आलं की फाउंटनच्या बाहेरच्या कडेने पडणारा मणी हा जवळपास मोकळाच पडतो, तिथे हवा फारशी वर येत नाही, आणि ३ मिमीच्या काचेला त्या वेगात हवेचा अडथळा टक्क्याच्या आसपास. म्हणजे त्याचं त्वरण ९.८१ यायला पाहिजे. अकरावीचं फिजिक्स. वीस-बावीस मणी ट्रॅक केले, सरासरी आली १०.४. परत केलं, १०.४. स्केल तपासली, मी स्टीलची पट्टी पत्र्याच्या बाहेरून चिकटवली होती, मणी आतल्या बाजूला, त्यामुळे एक-दीड टक्का फरक पडतो, ती आतून लावली. तर आकडा उलट १०.५ झाला. सर म्हणाले, "अहो, पुण्यात गुरुत्वाकर्षण वाढलंय का?" दोन दिवस झोप नाही.

मग फाइलची माहिती उघडून बघितली तर फ्रेम रेट २४ च्या जवळ. माझ्या डोक्यात २५ होतं. आधीच्या मालकाने कॅमेरा एनटीएससीवर (अमेरिकेतली व्हिडिओ पद्धत, आपल्याकडची पाल) ठेवला होता, आणि एनटीएससीमध्ये हा १००० नाही, ९६० फ्रेम काढतो. वैताग बघा, ९६० ला २४ ने भागा, ४० येतात, १००० ला २५ ने भागा, तरी ४०च येतात, म्हणजे दोन्हीकडे व्हिडिओ ४० पटच स्लो दिसतो, कळणार कसं! वेगात चूक फक्त चार टक्के, ती माझ्या गोंगाटात कधीच दिसली नसती. पण त्वरणात वेळ वर्गात येते, चारचे साडेआठ टक्के झाले म्हणून सापडली. पाल केलं, परत शूट केलं, ९.७ आलं, आणि मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठलाही कॅमेरा घ्या, बेड चालू करायच्या आधी एक मणी हातातून सोडून शूट करा. पाच मिनिटं लागतात.

सॉफ्टवेअर दोन वापरली. पीआयव्हीलॅब हे मॅटलॅबमध्ये चालतं, थीलिके आणि स्टॅमहाउस यांचं, फुकट आहे, चित्राचे छोटे चौकोन करून पुढच्या फ्रेममधल्या चौकोनांशी जुळवतं. अ‍ॅन्युलससाठी सोन्यासारखं, कारण तिथे मणी शेजाऱ्यांसकट ठोकळ्यासारखे सरकतात. स्पाउटमध्ये मात्र शेजारी दर क्षणाला बदलतात, तिथे ते गोंधळतं. तिथे फिजी या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकमेट घ्या. ते बनलंय पेशी ट्रॅक करायला, पण त्याला काय, गोल ठिपका दिसला की तो धरतं, मणी असो की पेशी. व्यास आणि दोन फ्रेममधलं जास्तीत जास्त अंतर एवढे दोन आकडे नीट दिले की पुरे. दोन्हीकडे फ्रेममधली वेळ हाताने टाकावी लागते, फाइलवर विश्वास ठेवू नका, वर रामायण सांगितलंच.

आणि आता जिथे हा कॅमेरा कामाचा नाही तो भाग. अ‍ॅन्युलसमध्ये माझे मणी सेकंदाला दीड सेंटिमीटरने सरकतात आणि स्पाउटमध्ये २ मीटरने. सव्वाशे पटीहून जास्त फरक, एकाच भांड्यात, चार बोटांच्या अंतरावर. १००० फ्रेमला अ‍ॅन्युलसमधला मणी एका फ्रेममध्ये पिक्सेलचा दहावा भागसुद्धा हलत नाही, आणि दोन सेकंदांच्या पूर्ण क्लिपमध्ये सरकतो तीन सेंटिमीटर. अख्खा फेरा बघायचा तर क्लिप संपलेली असते. ज्या आकड्यासाठी प्रोजेक्ट होता, तो आकडा या कॅमेऱ्यात मावतच नाही!

तो शेवटी माझ्या साध्या फोनने मिळाला. ट्रायपॉडवर फोन, ३० फ्रेम, एक्स्पोजर लॉक, दहा मिनिटं चालू ठेवला आणि दर सहावी फ्रेम घेतली. फोन फ्रेमचा वेग स्वतःच्या मनाने कमीजास्त करतो म्हणून आधी एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने एकसारखा करून घेतला. अ‍ॅन्युलसचा वेग दीड सेमी, आडवं क्षेत्रफळ साडेत्र्याऐंशी चौरस सेमी, भरलेल्या मण्यांची घनता घनमीटरला १५०० किलो, गुणाकार केला की सेकंदाला १८८ ग्रॅम. बेडमध्ये मणी सगळे मिळून पावणेदोन किलोच्या आत, म्हणजे एक फेरा साधारण नऊ सेकंदांत. दुसऱ्या शब्दांत, पावणेदोन किलो मणी तासाला पावणेसातशे किलोचं काम करतायत. हे वाचून काका म्हणाले, "आमच्यासारखंच आहे मग."

नऊ सेकंद खरे का, हे बघायला रंगीत मणी टाकले. पहिले नेलपॉलिश लावून बघितलं, बहिणीचं, लाल. वीस मिनिटांत ते घासून निघालं आणि सगळ्या पत्र्यावर गुलाबी धूर बसला, तो साफ करायला अर्धा दिवस. मग रविवार पेठेत मण्यांच्या दुकानांत फिरले. तिथे रंग हवे तेवढे, पण मणी म्हटलं की भोक आलंच, आणि भोक म्हणजे वजन कमी, तो मणी इतरांसारखा वागणार नाही. दुकानदारकाकांना "बिनभोकाचे द्या" म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बिचारीचं काय झालंय. चौथ्या दुकानात भरीव निळे मिळाले. ते टाकून फेरे मोजले: बहुतेक ८ ते ११ सेकंदांत परत दिसले. काही मात्र वीस-वीस सेकंद गायब, कारण ते मागच्या वाकड्या भिंतीकडे गेलेले असतात आणि कॅमेऱ्याला फक्त पुढचा पत्रा दिसतो. हा कुठल्याही कॅमेऱ्याचा प्रश्न आहे, सोनीचा नाही. ज्यांच्याकडे पॉझिट्रॉनवाली सोय आहे (किरणोत्सारी कण टाकून त्याचा माग काढायची), बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीसारखी, ते लोखंडाच्या भांड्याआडचा एकच कणसुद्धा फॉलो करतात. आपण पत्र्याला चिकटलेले बघायचे.

आणि तो सपाट पत्रासुद्धा साधा नाही. मणी त्याला घासतात, त्यामुळे अर्ध्या नळकांड्यात स्पाउटचा वेग पूर्ण नळकांड्यापेक्षा कमी येतो, व्हॅंकूवरच्या लोकांनी ऑप्टिकल फायबर प्रोब आत घालून हे १९९०च्या दशकातच दाखवलंय. वर कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिकला स्टॅटिक चढतं, जानेवारीत माझे मणी भिंतीला नुसते चिकटून बसले होते आणि पीआयव्हीलॅब सांगत होतं वेग शून्य. जुलैमध्ये तोच सेटअप शहाण्यासारखा वागला. ओल्या फडक्याने पुसून तासभर बरं चालतं.

मग घ्यावा का? स्पाउट आणि फाउंटन बघायचं असेल, कणांच्या टकरा, स्पाउटची डगमग, तर या पैशात याच्याएवढं दुसरं काही मला मिळालं नाही. जमलं तर मार्क फाइव्ह बघा, त्यात रेकॉर्डिंग जवळपास दुप्पट वेळ होतं. नुसता सर्क्युलेशन रेट आणि फेऱ्याची वेळ हवी असेल तर कॅमेरा घेऊ नका, फोन, बॅटरीवरचा लाइट आणि निळे मणी, बास. मी पाचपैकी साडेतीन देते. अर्धा स्टार एंड ट्रिगरचा आहे. निळे मणी उरलेत थोडे, पुण्यात कुणाला हवे असतील तर कमेंटमध्ये सांगा, पण कपाटामागचे तुम्हीच शोधायचे.